चौथा रकाना

वही शंभर पानी. वर कुठल्याशा बास्केटबॉलपटूचा
उडी मारतानाचा फोटो.
युद्धबंदीवर नजर ठेवायची म्हणून
शहरातल्या संस्थेनं प्रत्येक वस्तीला एक दिली,
सोबत शिट्टी, निळं जाकीट
आणि माझ्या मापाचे नसलेले बूट.

काम सोपं, म्हणाले. ऐकायचं.
कधी, कुठून, किती.
चौथा रकाना: कोणी.
तो खात्री असेल तरच भरा.

मिंडानाओच्या या पाणथळीत
घरं बांबूच्या पायांवर उभी असतात,
काहींना तर पायही नाहीत,
गवताच्या बेटांवर तरंगतात.
नकाशावर रेघ मारली गेली: अलीकडे सैन्य, पलीकडे बंडखोर,
आणि पुराच्या रात्री कागी मुसिबचं घर
गुपचूप रेघ ओलांडून गेलं, कोंबड्यांसकट.
सकाळी दोन्हीकडचे येऊन विचारू लागले,
तू नक्की कुणाचा?

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
आमच्याकडे सुकं असं काही नाहीच.
ओलंच जळतं. धूर जास्त होतो.

मी लिहीत गेले.
मंगळवार, पहाटे ४.१०, साबूच्या माडांकडून, सहा.
गुरुवार, दुपार, लग्नाचे फटाके. खोडलं.
शुक्रवार, मोठा बार; नंतर कळलं,
बाई मोनिसाच्या नातवंडांची बांबूची तोफ.
शनिवार, काही नाही.
हे ‘काही नाही’ लिहायलाच
सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग बोलणी. कोताबातोचं हॉटेल,
एसी इतका गार की बाई मोनिसानं
टेबलावरचं कापड ओढून गुडघ्यांवर घेतलं.
ते समोरासमोर. आम्ही तीन बायका आणि कागी मुसिब
भिंतीलगत, ‘लोकसहभाग’ लिहिलेल्या पाटीखाली.

कर्नल म्हणाले, एकवीस तारखेला
आमच्याकडून एकही गोळी सुटली नाही.
कमांडर म्हणाले, आमच्याकडूनही नाही.
निदान एवढ्यावर एकमत झालं म्हणून
मधल्या परदेशी पाहुण्याचा चेहरा उजळला.

कुणीच न झाडलेली गोळी एका गाभण म्हशीला लागली होती.
आणि तिची दोरी धरून चाललेल्या सालिकला. वय नऊ.

मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता.
एकवीस तारीख, संध्याकाळ ६.४०, बांधावरून, तीन.

चौथा रकाना? कर्नल पुढे झुकले. कमांडरही.

चौथ्या रकान्यात नुसतं टिंब होतं,
त्या रात्री पेन टेकवून बसल्याचं.
शाई मागच्या पानावर उतरली होती.

पहिली गोळी, मग खंड. बंदूक अडकते.
एक शिवी. मग उरलेल्या दोन, घाईनं.
ती बंदूक मी ओळखते,
दोन वर्षं माझ्या भाताच्या कणगीमागे होती.
शिवी माझ्या वडिलांची.
खोकला तर जन्मापासून ओळखते.

पलीकडची, मी म्हणाले. गियामिल. माझा मुलगा.

एसीचा आवाज ऐकू येऊ लागला,
नोंदवावा इतका.
घरभेद्याकडे बघावं तसे कमांडर बघत होते.
कर्नल हसायला लागले, तेवढ्यात मी पान उलटलं.
बावीस तारीख, पहाट ५.०५, चौकीकडून, चौदा.
चौथा रकाना भरलेला आहे, साहेब. वाचू?

कर्नलनी पाणी मागवलं.

त्या दिवशी शांतता वगैरे झाली नाही.
एक कलम झालं: वस्तीच्या वह्या पुरावा मानल्या जातील.
आणि कागी मुसिब उठून म्हणाला, हेही लिहा,
तरंगतं घर जिथं जाईल
तिथं युद्धबंदी त्याच्या मागोमाग जाईल.
सगळे हसले. मग कुणीतरी ते खरंच टाइप केलं.

चौथ्या रात्री गियामिल आला.
पायरीवर बसला, आत आला नाही.
कंदील लावायला तेल नव्हतं. मी भात वाढला,
वर दलग माशाचं शेपूट, त्याला आवडतं ते.

रात्र ९.२०. पायरीवरून. एक.
ताट सरकवल्याचा आवाज.
स्वतःकडे की माझ्याकडे,
अंधारात कळलं नाही.